पुढची सीट

दादाची पेन्सिल नकाशावर चालता चालता थांबली, तेव्हा मला वाटलं, तो विचार करतोय.

रविवार होता. सकाळचे नऊ वाजले असतील. साताऱ्यात शाहूपुरीतल्या त्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर आम्ही स्कॉटलंडचा भलामोठा नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, अडकित्ता, साखरेचा डबा असं हाती लागेल ते ठेवलं होतं. चौथ्या दिवशी गाडी या तळ्याकाठी लावायची, सायकली उतरवायच्या आणि मग या खिंडीतून, असं दादा मला समजावत होता. तिथेच तो थांबला. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं, नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी, आणि ओठ सुपारी चघळल्यासारखे हलत होते. काय झालं म्हणून मी विचारलं, तर उत्तर नाही. दहा-बारा सेकंदांनी त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या आणि म्हणाला, "कुठे होतो आपण?"

"खिंडीत," मी म्हणालो. आम्ही पुढे सरकलो.

या गोष्टीला आता आठ वर्षं होत आली. मिलिंददादा तेव्हा बावन्न वर्षांचा होता. शाळेत गणित शिकवायचा आणि शाळेत कायम सायकलनेच जायचा. मी त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटा, पाटबंधारे खात्यात आरेखक. माझं लग्न तीन वर्षांत मोडलं होतं, त्यामुळे रविवारचं जेवण दादाकडे, हे ठरलेलंच होतं. सहलीचं खूळ दादाच्या डोक्यात एका जुन्या विद्यार्थ्याने भरवलं. त्याने फोटो पाठवले होते: हिरवे-तपकिरी डोंगर, त्यातून जाणारी एक पायवाट आणि खाली रस्त्याच्या कडेला उभी असलेली पांढरी कॅम्पर व्हॅन. आत झोपायच्या जागा, शेगडी, पाण्याचा नळ. मागे सायकली टांगायच्या. बरोबर ना वाटाड्या, ना टूर कंपनीचा झेंडा. आपणच नकाशा बघायचा, आपणच वाट निवडायची, दमलो की गाडीत येऊन भात टाकायचा.

दादा हरखला होता, पण सहल खरोखर ठरवली ती रोहिणीवहिनीने. आमचे आप्पा अर्धांगाने नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्या नऊ वर्षांत वहिनी एक रात्रसुद्धा माहेरी राहिली नव्हती. आप्पांच्या उशाशी एक पितळी घंटी असायची. आप्पा गेले, दिवसकार्य आटोपलं, तेव्हा वहिनी मला सहज बोलल्यासारखी म्हणाली होती, की कुणी घंटी वाजवली तरी मला ऐकू येणार नाही, इतकं लांब कुठेतरी जायचंय एकदा. दादाने फोटो दाखवले तेव्हा तिने चष्मा लावून ते दोनदा पाहिले आणि विचारलं, "मला गिअरची सायकल जमेल का?"

तिला ती जमली. सदर बाजारात इक्बालभाई मुजावरांचं सायकलींचं दुकान होतं. डोंगरातल्या सायकली काय असतात हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वहिनी पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला हेल्मेट लावून भल्या सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढायला लागली. चार महिन्यांत ती माझ्या पुढे निघून जायची आणि वर जाऊन, दम खात माझी वाट बघत बसायची.

नियोजन माझ्याकडे होतं. नकाशे हा माझा पेशाच. रोज किती मैल गाडी, किती मैल सायकल, पाणी कुठे भरायचं, सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची, समोरून गाडी आली तर एकपदरी रस्त्यावर कुठे थांबून वाट द्यायची, हे सगळं मी एका रजिस्टरात उतरवत होतो. तिथल्या वाटांना अवघडपणाप्रमाणे रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, मग निळी, मग लाल आणि शेवटी काळी. दादाला लाल वाट हवी होती. वहिनी म्हणायची, तुम्ही जा लालवर, मी निळ्यावरून येऊन पिठलं टाकते.

नोव्हेंबरात आम्ही यवतेश्वरचा घाट उतरत होतो. मी पुढे, वहिनी बरीच मागे, मधे दादा आणि त्याच्या पाठी इक्बालभाई. वळणावर मी वळलो आणि मागून झुडपं मोडल्याचा आवाज आला. दादा वळलाच नव्हता. तो सरळ रस्ता सोडून करवंदीच्या जाळीत घुसला होता. हात-तोंड ओरबाडलं, बाकी काही नाही. चाक घसरलं, असं त्याने वहिनीला सांगितलं. ती त्याचं रक्त पुसत होती तेव्हा इक्बालभाईंनी मला बाजूला घेतलं.

"चाक घसरल्याची खूण नाही रस्त्यावर," ते हळू आवाजात म्हणाले. "सरांचा हात ब्रेकला गेलाच नाही. मी मागेच होतो. हाका मारल्या, त्यांना ऐकूच आलं नाही."

मला टेबलावरची ती थांबलेली पेन्सिल आठवली.

व्हिसाचं काम आहे असं वहिनीला सांगून मी दादाला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर वयस्कर होते, स्पष्ट बोलायचे. ही फिटच आहे, म्हणाले, फक्त अंग झाडणारी नाही. तेवढे काही सेकंद माणूस जागेवर असूनही जागेवर नसतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि निदान वर्षभर एकही फिट आली नाही, तरच गाडी चालवायचा विचार करायचा. सायकल सपाटीवर, कुणी बरोबर असेल तर. घाटात नाही.

परतीच्या वाटेवर एसटी शिरवळला थांबली. दादा खाली उतरला, चहा घेतला आणि कप हातात धरून नुसता उभा राहिला.

"वहिनीला सांगायला हवं," मी म्हणालो.

"नाही."

"दादा, तिच्यापासून लपून राहील का हे?"

"नऊ वर्षं तिने आप्पांचं केलं," तो म्हणाला. "त्यांच्याकडे बघताना तिची नजर कशी असायची, तुला आठवतं? प्रेम होतं, सगळं होतं. पण ती माणसाकडे बघायची नजर नव्हती, आजाऱ्याकडे बघायची होती. तिने माझ्याकडे तसं बघितलेलं मला चालणार नाही. निदान ही सहल होईपर्यंत तरी नाही."

"आणि गाडी?"

"गाडी तूच चालव. मी हात लावणार नाही. पण तिला बोलू नकोस. शब्द दे."

मी शब्द दिला.

त्यानंतर मी रजिस्टर पुन्हा लिहायला घेतलं. लाल वाटा कापल्या. खिंड काढून टाकली. तळ्याकाठच्या, जंगलातल्या, हिरव्या रंगाच्या रुंद वाटा तेवढ्या ठेवल्या. वहिनीने कारण विचारलं, तर मी म्हटलं, मे महिन्यात वरच्या वाटा ओल्या असतात. गाडी चालवणारा म्हणून माझं एकट्याचंच नाव दिलं. विम्याचा अर्ज भरताना एका ओळीत विचारलं होतं, की प्रवाशांपैकी कुणाला फिट, चक्कर किंवा शुद्ध हरपण्याचा विकार आहे का. मी त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसलो होतो. मग 'नाही'वर खूण केली.

दादासाठी गप्प बसलो, असं पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मलाच जायचं होतं. ते रविवार, तो नकाशा, वहिनीने मधेच येऊन रजिस्टरात डोकावणं, एवढंच माझ्या आयुष्यात त्या वर्षी चांगलं चाललं होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी संपलं असतं.

गोळ्या लागू पडल्या, असं दादा सांगत होता. जानेवारीपासून एकदाही नाही, म्हणाला. मी विश्वास ठेवला.

मेच्या मध्याला आम्ही निघालो. पहिले सहा दिवस इतके चांगले गेले की त्यांची आठवण काढायचीही मला आता भीती वाटते. उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळायचा. वहिनी तळ्याकाठी दगडावर बसून मेतकूट-भात कालवायची आणि दादा तिच्याकडे बघून विनाकारण हसायचा. एकदा ती सायकलवरून उतारावर पेडल न मारता, पाय दोन्हीकडे पसरून, शाळकरी पोरीसारखी गेली. मी तिला इतकं मोठ्यांदा हसताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

वीस तारखेला दुपारी मी एका ओल्या मुळावरून घसरलो. उजवा घोटा टम्म सुजला. मोडला नव्हता, पण पाऊल टेकवेना. आम्ही जिथे उतरलो होतो ती जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी ठरलेली होती, सकाळी सोडणं भाग होतं. पुढचा मुक्काम सत्तावीस किलोमीटरवर होता. वहिनीला फक्त स्कूटर यायची.

"मी नेतो," दादा म्हणाला. "रस्ता रिकामा असतो. अर्धा तास तर लागेल."

वहिनी भांडी पुसत होती. तिने पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. मी दादाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दुसरी जागा शोधता आली असती. कुणाला तरी मदत मागता आली असती. आसपासच्या गाड्यांतली माणसं चांगली होती, कुणीही गाडी नेऊन दिली असती. पण मदत मागायची तर कारण सांगावं लागलं असतं, तेही वहिनीच्या समोर. मी मान डोलावली.

सकाळी निघताना मी म्हणालो की मी पुढे बसतो, नकाशा मला कळतो. वहिनी म्हणाली, "तुम्ही मागे पाय वर घेऊन बसा, भावजी. पुढे मी बसते." आणि मी काही बोलायच्या आत ती दादाच्या शेजारी जाऊन बसलीसुद्धा.

एकपदरी रस्ता होता. डाव्या हाताला डोंगराचा उभा कातळ, उजव्या हाताला खाली तळं. वीसएक मिनिटं झाली असतील. दादा कुठल्याशा विद्यार्थ्याची गंमत सांगत होता आणि वाक्याच्या मधेच त्याचा आवाज थांबला.

"अहो," वहिनी म्हणाली. अगदी हळू. मग तिने उजवा हात पुढे करून स्टिअरिंग धरलं.

ती ओरडली नाही. ती मोजत होती. एक, दोन, तीन, अशा सावकाश आवाजात तिने मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता गाडी रस्त्यावर धरून ठेवली. मी पट्टा सोडून पुढे व्हायला बघत होतो, पण पाय टेकवेना. दादाचा पाय वेग वाढवणाऱ्या पेडलवरच होता. तिने दुसऱ्या हाताने त्याचा गुडघा ओढून पाहिला. हलला नाही. अकरा म्हणाली ते मी ऐकलं. पुढे वळण आलं. रस्ता डावीकडे वळत होता आणि आम्ही सरळ तळ्याकडे निघालो होतो. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग स्वतःकडे, डावीकडे ओढलं.

गाडी तिच्या बाजूने कातळावर आदळली.

दादाच्या तीन बरगड्या मोडल्या, डोक्याला मार बसला. मला काचा लागल्या. वहिनी मदत येण्याआधीच गेली.

दवाखान्यात एक पोलीस बाई आल्या. बोलायला फार मऊ होत्या. आधी त्यांनी मला चहा आणून दिला आणि मग विचारलं की काय झालं. त्या रस्त्यांवर मेंढ्या मोकळ्या फिरतात. मी सांगितलं, मेंढी आडवी आली. तुमच्या भावाला काही आजार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्या म्हणाल्या, की तुमच्या वहिनींच्या बोटांच्या जखमांवरून दिसतं की त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं. मी म्हणालो, "हो. मेंढी बघून त्या घाबरल्या. त्यांनी ओढलं."

इतकं सोपं होतं ते. एक माणूस गेलेला आणि एक जगायचा होता. गेलेल्यावर ढकललं की जगणारा सुटतो, असा माझा हिशेब. दादाच्या गोळ्या मी माझ्या खिशात ठेवल्या आणि नर्सची पाठ फिरली की त्याला देत राहिलो. तो नीट शुद्धीवर आला तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हतं. माझा हात धरून त्याने विचारलं, "मला तसं झालं का रे?" मी त्यालाही मेंढीच सांगितली. तो रडला, पण त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ते मला दिसलं.

निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्याने वहिनीच्या वस्तू एका कागदी पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. मंगळसूत्र, घड्याळ, चष्म्याचं घर आणि जॅकेटच्या खिशातली एक तळहाताएवढी वही. वही मी उघडली. त्यात तारखा होत्या.

'९ ऑगस्ट. जेवताना हात थांबला. पंधरा अंक.' ही पहिली नोंद. मी टेबलावर पेन्सिल थांबलेली पाहिली त्याच्याही महिनाभर आधीची. पुढे, 'दप्तरात कंपासपेटीखाली गोळ्या सापडल्या. औषधाच्या दुकानात विचारून आले. फिटच्या आहेत. हे काही बोलले नाहीत, म्हणजे मला कळू नये असं वाटत असणार.' पुढे, 'गोळ्या रोज मोजते. चुकवत नाहीत.' मग २६ जानेवारी, झेंडावंदनाहून आल्यावर, वीस अंक. २ एप्रिल, अंगणात, अठरा. शेवटची १९ मे, तळ्याकाठी डबा घासताना, तीस. त्या वेळी मी तिथून हाकेच्या अंतरावर सायकली पुसत होतो. शेवटच्या नोंदीखाली अजून चार ओळी होत्या. त्या वाचून मी वही मिटली आणि सातारला आल्यावर माझ्या कपाटात, जुन्या आराखड्यांच्या खाली ठेवली.

दादाने पुन्हा सायकलला हात लावला नाही. नोकरी संपली, केस पांढरे झाले. मी पूर्वीसारखाच दर रविवारी जेवायला जात होतो. आता स्वयंपाक आम्ही दोघं मिळून करायचो. भेटायला येणाऱ्यांना दादा अपघात सांगायचा. वर्षागणिक तो ठळक होत गेला. मेंढीचं तोंड काळं झालं. मग तिच्यामागे तिचं पिल्लू आलं. मी तिचा रंग त्याला कधी सांगितला नव्हता, पण आता त्याला ती दिसत होती.

गेल्या वर्षी वहिनीच्या श्राद्धाला तिच्या माहेरची माणसं जेवायला आली होती. तिचे दोन भाऊ, भावजया, एक मावशी. पानं उठली, मंडळी ओसरीवर बसली आणि थोरल्या भावाने पुन्हा एकदा विचारलं, की नक्की झालं कसं. दादाने सांगितलं. आणि सांगून झाल्यावर, कुणी विचारलं नसताना, पुढे म्हणाला, "खरं सांगू का? मी ब्रेक दाबतच होतो. रोहिणीने घाबरून स्टिअरिंग ओढलं नसतं, तर आज ती इथे बसलेली असती. भित्री होती हो बिचारी."

तिच्या भावाने मान खाली घातली. मावशीने पदर डोळ्यांना लावला. मी कोपऱ्यात सुपारी कातरत होतो.

पाहुणे चारच्या गाडीने गेले. मी घरी गेलो, कपाट उघडलं, वही घेतली आणि परत आलो. दादा ओसरीवरच होता. मी वही त्याच्या हातात दिली आणि समोर बसलो.

अक्षर बघताच त्याने चष्मा मागितला. मग वाचायला लागला. घाई केली नाही. विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तशी एकेक ओळ, एकेक तारीख. शेवटचं पान त्याने मोठ्याने वाचलं. मला ऐकवायला नसावं. त्याला ते नुसत्या डोळ्यांनी वाचवत नव्हतं.

"'वीस मे. किरणभावजींचा पाय मुरगळला. उद्या गाडी हे चालवणार म्हणतात. नको म्हणावं तर सगळं बोलावं लागेल आणि यांचा चेहरा पडेल. किती वर्षांनी असे हसतायत. थोडंच अंतर आहे. मी पुढे बसेन.'"

त्याने वही मिटून मांडीवर ठेवली.

"मेंढी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"ही तुझ्याकडे कधीपासून आहे?"

"दवाखान्यापासून."

मला वाटलं, तो रडेल, किंवा माझ्या अंगावर धावून येईल. दोन्ही झालं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मी तिला भित्री म्हणत होतो, ते मला ठाऊक नव्हतं म्हणून. तुला ठाऊक होतं. तू इथे बसून ऐकत होतास."

मी उठलो. त्याने मला जा म्हटलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने दुपारभर फोन केले. वहिनीच्या दोन्ही भावांना, मावशीला, शाळेतल्या सहकाऱ्यांना, इक्बालभाईंना, ज्याला ज्याला त्याने कधी मेंढी सांगितली होती त्या प्रत्येकाला. हे मला इक्बालभाईंकडून कळलं. कुणी मधे बोलायला लागलं तर तो बोलू देत नव्हता, म्हणाले, आपलं सांगून संपवायचा आणि फोन ठेवायचा.

संध्याकाळी माझा फोन वाजला.

"मी मिलिंद बोलतोय," तो म्हणाला. "मला फिट येत होत्या आणि मी त्या रोहिणीपासून लपवल्या. गाडी माझ्या हातून गेली. रोहिणी घाबरली नव्हती. तिने गाडी स्वतःवर घेतली आणि मला वाचवलं. एवढंच सांगायचं होतं."

मी "दादा" म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.